ताटीबाहेर कोण बसणार?



हा लेख वाचून काही मंडळी माझ्यावर रागावतील. रागवावे. आजचा विषय रागच आहे. फक्त तो मोठ्यांचा नाही, तीन-चार-पाच वर्षांच्या लेकरांचा आहे. लेकराला राग आवरायला कोणी शिकवायचे, आणि ते काम आपण हल्ली कोणाच्या हाती देऊन मोकळे झालो आहोत, हे विचारायचे आहे.

दुसऱ्याच्या घरात डोकावण्याआधी स्वतःची चूक सांगतो. गेल्या माघात आमच्या गावच्या सप्ताहात संध्याकाळचा हरिपाठ चालू होता. चार वर्षांचा नातू माझ्या शेजारी बसला होता. त्याला माझा टाळ हवा होता. मी दिला नाही, त्याने भोकाड पसरले. चार डोकी वळून पाहू लागली तशी मला लाज वाटली आणि मी सदऱ्याच्या खिशातून मोबाइल काढून त्याच्या हातात दिला. त्यात त्याच्या आईने एक खेळ घालून ठेवला होता. मुलांना राग आवरायला शिकवणारे खेळ म्हणून शाळेतून एक यादी आली होती, त्यातला. पोरगे क्षणात गप्प झाले. मी पुन्हा हरिपाठात रमलो, किंवा रमलो असे मला वाटले.

थोड्या वेळाने मोबाइलची बॅटरी संपली. पडदा काळा झाला. नातवाने मोबाइल माझ्या अंगावर फेकला, माझ्या मांडीवरचा टाळ उचलला आणि दगडी फरशीवर आपटला. टाळाची कड उडाली. हरिपाठ थांबला. आणि मी, चाळीस वर्षे माळ घातलेला माणूस, देवळात, पांडुरंगासमोर त्या पोरावर ओरडलो आणि हात उगारला.

मागच्या बायकांतून एक म्हातारी उठली. तिने त्याला उचलले आणि ती देवळाच्या पायरीवर जाऊन बसली. हरिपाठ पुढे सुरू झाला. संपला तेव्हा नातू तिच्या मांडीवर शांत बसून रस्त्यावरची कुत्री मोजत होता. मी विचारले, "मावशी, काय केलंत?" ती म्हणाली, "काही नाही केलं. मी बसले होते. तो रडला, मग थांबला."

माउली, राग आवरायला शिकवणारा खेळ हातातून जाताच त्या लेकराचा राग दुप्पट झाला. आणि ज्याने राग आवरायला हवा होता त्या आजोबाला तो आवरला नाही. काही न करता नुसती बसलेली बाई मात्र ते काम करून गेली. तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मागे लागला आहे.

मला जे समजले ते मांडतो. आपल्या कीर्तनाची रीत अशी की सिद्धांत सांगण्याआधी पूर्वपक्ष नीट मांडायचा. या खेळांवरही अन्याय नको. ते वाईट हेतूने केलेले नाहीत. सेसमी वर्कशॉप ही मुलांसाठी काम करणारी अमेरिकेतली जुनी संस्था. तिचा 'ब्रीद, थिंक, डू' नावाचा खेळ आहे. त्यात एक केसाळ, गोजिरवाणा राक्षस असतो. त्याला बूट घालता येत नाही, किंवा त्याचा ठोकळ्यांचा मनोरा पडतो, आणि तो रडकुंडीला येतो. मुलाने त्याच्या पोटावर बोट टेकवत त्याला खोल श्वास घ्यायला लावायचे, मग फुगे फोडून त्याला उपाय सुचवायचे, मग त्यांतला एक निवडायचा. आधी श्वास, मग विचार, मग कृती. यात चूक काढण्यासारखे काही नाही. आपल्या वडीलधाऱ्यांनी दुसरे काय सांगितले होते?

बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात याहून पुढचा एक खेळ तयार झाला. मुलाच्या अंगाला नाडीचे ठोके मोजणारे यंत्र जोडतात. तो खेळात शत्रूंवर गोळ्या झाडत असतो. ठोके एका मर्यादेपलीकडे गेले की बंदूक चालेनाशी होते. ठोके खाली आणले तरच खेळ पुढे जातो. आपण तापलो आहोत हे मुलाला डोळ्यांनी दिसते आणि निवायचे कसे याचा सराव होतो. रागाच्या आजाराने खरोखर पिडलेल्या मोठ्या मुलांना, जाणता उपचारक शेजारी बसलेला असताना, अशा साधनाचा उपयोग होत असेल तर त्याला मी नावे ठेवणार नाही. औषध ते औषध.

माझे भांडण इथून पुढे आहे. औषध रोगाला द्यायचे असते. आपण ते रोजच्या जेवणासारखे वाढू लागलो आहोत. बूट घालता येत नाही म्हणून चार वर्षांचे मूल रडते, हा रोग नव्हे. ते वाढणे आहे. आणि त्या वाढीला लागते एक माणूस, शेजारी बसलेला.

नीट पाहा, त्या खेळात काय होते. राग कोणाला आला आहे? राक्षसाला. श्वास कोण घेतो? राक्षस. लेकरू त्याच्या पोटावर बोट टेकवते. ते करताना लेकराचा स्वतःचा राग कुठे असतो? तो त्याक्षणी नसतोच, कारण हाती मोबाइल आलेला असतो. राग येतो तो मोबाइल गेल्यावर, आणि तेव्हा राक्षसही नसतो आणि श्वासही नसतो. पोहण्याची पोथी काठावर बसून वाचावी आणि पाण्यात पडल्यावर पोथी कोरडी राहावी, आपण बुडावे, तसे हे झाले. पोहायला शिकवणारा कमरेखाली हात धरून पाण्यात उभा राहतो. लेकरू रागात बुडत असते तेव्हाच शिकवायची वेळ असते, आणि नेमक्या त्याच वेळी आपण पडदा पुढे करून बाजूला होतो.

हे नुसते माझ्या मनाचे म्हणणे नाही. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातील डॉक्टरांनी तीन ते पाच वर्षांच्या ४२२ मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा काही महिने मागोवा घेतला. त्यांचा लेख २०२२ च्या अखेरीस आला. मूल चिडले की शांत करायला वारंवार मोबाइल देणाऱ्या घरांत काही महिन्यांनी मुलांची चिडचिड वाढलेली दिसली, विशेषतः मुलग्यांत आणि मुळातच चळवळ्या मुलांत. आता कोणी म्हणेल, चिडकी मुले होती म्हणूनच मोबाइल जास्त दिला गेला असेल. तसेही थोडे असेल. पण गाडीचे चाक दोन्ही बाजूंनी फिरते: चिडला म्हणून दिला, दिला म्हणून सावरायचा सराव राहिला, सराव नाही म्हणून पुन्हा चिडला. माझ्या घरात हे चाक मी माझ्या हाताने फिरवले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगून ठेवले की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात एक तासाहून अधिक पडदा नको, त्याहून कमी तर उत्तमच, आणि त्याआधीच्या वयात नकोच. बसल्या वेळी मोठ्या माणसाने मुलाला वाचून दाखवावे, गोष्ट सांगावी, हेही तिथेच म्हटले आहे. गोष्ट सांगावी! हे ऐकायला वारकऱ्याला परदेशी संघटना लागावी?

आता आपल्या घरात येऊ. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीचे गुण मोजले आहेत आणि माउलींनी ज्ञानेश्वरीत एकेक गुण उलगडून दाखवला आहे. त्या यादीत अक्रोध आहे, पण तो पहिला नाही. पहिले आहे अभय. हा क्रम मी वर्षानुवर्षे वाचला आणि त्याचा अर्थ मला लेकराकडे पाहताना कळला. ज्याला अभय नाही त्याला अक्रोध कुठून येणार? पायाखालची जमीन पक्की आहे, कोणीतरी आपल्याला सोडून जाणार नाही, हे लेकराला आधी कळावे लागते. मग ते थांबायला शिकते.

याला एक सुंदर दाखला आहे. अमेरिकेत साठच्या दशकात वॉल्टर मिशेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने लहान मुलांपुढे गोड खाऊ ठेवून पाहिले: आत्ता खाल्लास तर एक, थांबलास तर दोन. जी मुले थांबली ती संयमी, असे पुढे लोक म्हणू लागले. अनेक वर्षांनी रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात एक फरक केला. खाऊ ठेवण्याआधी काही मुलांना मोठ्या माणसाने छान रंग आणून देतो म्हणून सांगितले आणि आणून दिले. काहींना सांगितले आणि रिकाम्या हाताने परत आला. मग खाऊ ठेवला. ज्यांना शब्द पाळलेला माणूस भेटला ती मुले सरासरी बारा मिनिटे थांबली. ज्यांना फसवले गेले ती तीन मिनिटे. मुलांची संख्या थोडी होती, पण मुद्दा स्पष्ट आहे. संयम केवळ मुलाच्या पोटात नसतो. तो समोरच्या माणसाच्या शब्दातही असतो. आणि मोबाइलमधला राक्षस कोणाला शब्द देत नाही.

माउली, मुक्ताईची गोष्ट तुम्हाला मी सांगायची गरज नाही. माधुकरी मागायला गेलेल्या ज्ञानोबांना कोणी संन्याशाची पोरे म्हणून घालूनपाडून बोलले आणि ते झोपडीची ताटी लावून आत बसले. बाहेर कोण होते? चौघांत धाकटी, मुक्ताई. आपण दरवर्षी ताटीचे अभंग गातो, पण ती काय करत होती हे पाहतो का? तिने ताटी तोडली नाही. आत काही गंमत सरकवून त्यांचे लक्ष दुसरीकडे वळवले नाही. रागावलास म्हणून लाज काढली नाही. ती ताटीबाहेर बसली आणि बोलत राहिली, आतल्याला स्वतः उठून ताटी उघडावीशी वाटेपर्यंत. ताटी आतल्यानेच उघडायची असते. पण बाहेर कोणीतरी बसलेले असावे लागते. ज्ञानियांच्या राजालाही त्या दिवशी ते माणूस लागले. मग आपल्या नातवाला लागले तर नवल काय?

आता काही आक्षेप.

पहिला: "आमच्या वेळी एक कानाखाली दिली की पोर गप्प." हे मीही म्हणत असे. ते पोर गप्प व्हायचे, शांत व्हायचे नाही. भ्यालेल्या माणसाचा राग आत जातो आणि पुढे आपल्याहून दुबळ्यावर निघतो: बायकोवर, बैलावर, पोटच्या पोरावर. देवळात उगारलेला माझा हात कुठून आला होता, हे मला ठाऊक आहे. थप्पड आणि मोबाइल या एकाच कामाच्या दोन तऱ्हा आहेत. दोन्हींत मोठ्या माणसाला बसावे लागत नाही.

दुसरा: "आम्ही खेळ देत नाही, मोबाइलवर हरिपाठ लावून देतो, बाळकृष्णाची चित्रफीत दाखवतो." माउली, प्रश्न पडद्यावर काय आहे हा नाही. रडण्याच्या क्षणी लेकराला माणूस मिळाला की वस्तू, हा प्रश्न आहे. देवाचे नाव घालून वस्तूचा माणूस होत नाही. उलट मला भीती वाटते की अशाने लेकरू हरिनामाकडेही गप्प करणारी वस्तू म्हणून पाहू लागेल.

तिसरा आक्षेप खरा आहे आणि तो मला खाली पाहायला लावतो: "वेळ कुणाला आहे? आईबाप दोघे कामाला, थकून येतात." होय. पिंपरीच्या कारखान्यातून किंवा कांद्याच्या शेतातून आलेल्या आईला मी उपदेश करणार नाही. तिने पाच मिनिटे मोबाइल दिला म्हणून आभाळ कोसळत नाही. माझा प्रश्न तिला नाही, आपल्याला आहे. सप्ताहात रडणारे मूल घेऊन मंडपाबाहेर जाते ती नेहमी बाईच का? तिचे कीर्तन अर्धे ऐकून होते आणि आपण पुढे बसून मातृभक्तीवर माना डोलावतो. विठोबाला आपण माउली म्हणतो, ज्ञानोबांना माउली म्हणतो, रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला माउली म्हणतो. मग एखादे रडते पोर उचलून माउली होण्याची वेळ आली की आपले गुडघे का दुखतात? ज्या माउलीला वेळ नाही तिला मोबाइल देऊ नकोस असे सांगणे सोपे आहे. "दे, मी घेतो त्याला" असे म्हणणे अवघड आहे. आपला धर्म दुसऱ्या वाक्यात आहे.

आणि खेळच हवा असेल तर आपल्याकडे खेळांना तोटा आहे का? तुकोबांच्या गाथेत फुगडी, टिपरी, विटीदांडू, चेंडूफळी आहेत. नाथांच्या भारुडांत खेळ आहेत. संतांना खेळाचे वावडे नव्हते. त्यांनी परमार्थच खेळातून सांगितला.

फुगडी घ्या. दोन माणसे हात धरून मागे झुकतात आणि गरगर फिरतात. एकाने रुसून हात सोडला तर दोघे आपटतात. मनात काहीही असो, समोरच्यासाठी हात घट्ट धरायचा, हे चार वर्षांच्या पोरीला फुगडी न बोलता शिकवते. पडद्यावरच्या खेळात मूल रागावून निघून गेले तर कोणीच पडत नाही.

पावली घ्या. टाळाच्या ठेक्यावर पाऊल पुढे, पाऊल मागे. लय संथ असते, मग चढते, अंग तापते, उड्या सुरू होतात, वाटते आता कोणी कोणाचे ऐकणार नाही. आणि मृदंग थांबला की शंभर माणसे एका क्षणी थांबतात. चढायचे आणि उतरायचे, तापायचे आणि निवायचे. बोस्टनच्या डॉक्टरांनी नाडीला यंत्र लावून जो सराव घडवला, तो आपले वारकरी आळंदी ते पंढरपूर करत जातात, आणि शेजारी उपचारक नसला तरी सारी दिंडी असते.

आपली पोरे 'शिवाजी म्हणतो' खेळतात. शिवाजीने म्हटले तरच करायचे, नाही तर स्वतःला थांबवायचे. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये मेगन मॅक्लेलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीत याच जातीचे खेळ घेतले. रंगाच्या खुणेवर चालायचे आणि थांबायचे. आठ आठवडे, मुलांनी गोल करून. ज्या मुलांना सुरुवातीला स्वतःला आवरणे जड जात होते, त्यांच्यात सुधारणा दिसली. त्यासाठी विकत काय घ्यावे लागले? मोकळी जागा, चार मुले आणि खेळायला तयार असलेला एक मोठा माणूस. आपल्या देवळाच्या अंगणात यातले काय कमी आहे? शेवटचेच, बहुधा.

कीर्तनात गुळाची गोष्ट आपण सारे ऐकतो. आई म्हणते, महाराज, माझा मुलगा फार गूळ खातो, त्याला सांगा. महाराज म्हणतात, आठ दिवसांनी या. आठ दिवसांनी सांगतात. आई विचारते, हे तेव्हाच का नाही सांगितले? महाराज म्हणतात, तेव्हा मीही खात होतो. माउली, आपण सारे खातो आहोत. मंडपात निरूपण चालू असताना किती खिशांत उजेड पडतो, हे मागे बसून एकदा मोजा. लेकरू आपल्या सांगण्याकडे पाहत नाही, आपल्या हातांकडे पाहते.

म्हणून माझे मागणे मोठे नाही. येत्या सप्ताहात लेकरांना मागे मोबाइल देऊन बसवू नका, पुढे टाळकऱ्यांच्या जवळ बसवा. त्यांच्या हाती लहान चिपळ्या द्या. ती बेताल वाजवतील, वाजवू द्या. हरिपाठानंतर अर्धा तास पोरांची पावली आणि फुगडी ठेवा. मूल रडू लागले तर एका पुरुषाने उठावे, त्याला घेऊन पायरीवर बसावे आणि काही करू नये. उपदेश नको, खाऊ नको, मोबाइल नको. नुसते बसावे. तेवढा वेळ अभंग चुकेल. चुकू दे. पुंडलिकासाठी देव विटेवर थांबला, आपल्या आसनासाठी थोडा वेळ थांबेल.

माझा नातू अजून रडतो. सगळे सुधारले असे सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. परवाच त्याने चिपळी फेकली. मी त्याला घेऊन बाहेर गेलो, बराच वेळ बसलो, माझा स्वतःचा श्वास जाग्यावर यायलाच त्यातला निम्मा वेळ गेला. मग तो म्हणाला, "आबा, आत जाऊ." आम्ही आत गेलो तेव्हा हरिपाठ संपत आला होता. कड उडालेला तो टाळ मी अजून बदललेला नाही. त्याचा आवाज थोडा फाटका येतो. शेजारचा टाळकरी म्हणतो, नवा घ्या. मी म्हणतो, असू दे. तो वाजला की मला आठवते की त्या दिवशी ताटी माझ्याच घरात लागली होती, आणि मी बाहेर बसलो नव्हतो.

राम कृष्ण हरी.